धारणीचे अंतर

अमरावतीहून धारणीला एसटीने चार-साडेचार तासांत पोहोचता येते. आम्हांला तीन दिवस लागले. अकरा माणसे, अकरा सायकली आणि सामान वाहणारी एक जीप असा आमचा ताफा गेल्या डिसेंबरातील एका धुकट पहाटे अमरावतीतून निघाला. वाटेत परतवाडा आणि सेमाडोह येथे मुक्काम, तिसऱ्या दिवशी धारणी आणि चौथा दिवस तिथल्याच आसपासच्या गावांत, असा बेत होता. प्रत्येकाने नातलगांकडून आणि सहकाऱ्यांकडून किलोमीटरमागे दहा रुपयांचा शब्द घेतला होता. जमलेला पैसा मेळघाटातील बालकांच्या पोषणासाठी द्यायचा होता.

या उपक्रमाविषयी गटात सर्वांत साशंक मीच होते. वय त्रेपन्न, महाविद्यालयात अध्यापन, दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली. त्या तपासणीनंतर लेकीने सायकल आणून दिली आणि हळूहळू ती अंगवळणी पडली. तरीही मदतीच्या नावाने सायकल चालवण्यात मदत किती आणि हौस किती, हा प्रश्न मनात होताच. पैसे द्यायचे तर घरबसल्या देता येतात. त्यासाठी दीडशे किलोमीटर घाम गाळायचे कारण काय? लेक म्हणाली, ‘‘आई, तुला नुसते पैसे मागायची लाज वाटते. सायकलवर निघालीस की लोक आपणहून विचारतील.’’ तिचे म्हणणे खरे ठरले. कधी दमडी न सोडणाऱ्या एका चुलत दिरांनी तर ‘परत येतानाचेही किलोमीटर धरा’ असा निरोप धाडला.

तयारीला आम्ही तीन महिने दिले, आणि त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे उपयोगी ठरेल. एका दिवसात पन्नास किलोमीटर सायकल चालवणे मध्यम वयाच्या निरोगी माणसाला सरावाने सहज साधते. कसोटी लागते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, ठणकणाऱ्या मांड्या घेऊन पुन्हा सीटवर बसताना. अनवाणी पायाला खडा टोचावा तशी ती सीट तेव्हा वाटते. म्हणून सरावात शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस सायकल चालवणे आवश्यक असते. आम्ही छत्री तलावाचा रस्ता आणि पोहऱ्याचे जंगल अक्षरशः पाठ केले. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे, हा आमचा नेम होता. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीच्या काळात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी रक्तदाब, रक्तशर्करा आणि हृदयालेख तपासून घ्यावा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दीर्घ व्यायामात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांना विचारून ठरवावी. सायकल चालवताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अवेळी दम लागणे यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबावे. त्या ठिकाणी निश्चय, जिद्द वगैरे शब्द आठवू नयेत.

दुसरी गोष्ट सीटच्या उंचीची. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेले असता गुडघा जेमतेम सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते, फार उंच असली तर मागच्या बाजूस. आपल्याकडे बहुतेक बायका पाय जमिनीला पुरावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीचा दोष वयाला देतात. मीही दिला होता. पायडल मारताना जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे सांध्यांना सोसते. आणखी एक गोष्ट संकोचामुळे कोणी बोलत नाही: गादीच्या सायकल-चड्डीच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, आणि मुक्कामी पोहोचताच ती बदलून अंग धुवायचे असते. शिवणीच्या घर्षणाने येणारे फोड आणि गळवे यांनीच अनेक दिवसांच्या प्रवासातून माणसे परत फिरतात.

पहिला दिवस सपाटीचा. वलगाव, आसेगाव, मग परतवाडा. शेतांत तुरीला शेंगा धरलेल्या, दुतर्फा कपाशीची बोंडे फुटलेली, आणि परतवाडा जवळ येताच संत्र्यांच्या बागा. वलगावजवळ पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी याच परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. आम्ही क्षणभर सायकली थांबवल्या. वर्गणी गोळा करून निघालेल्या माणसांनी या माणसाला ओलांडून जाऊ नये, एवढाच विचार होता. लोकांकडून आलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र फुटके गाडगे नि चिंध्या यांपलीकडे काही ठेवले नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. पुलावरच आम्ही एक गोष्ट पुन्हा बोलून पक्की केली: राहणे, खाणे, जीप, डिझेल, सगळा खर्च आपापल्या खिशातून, आणि वर्गणीतला रुपयाही वाटेत मोडायचा नाही.

हा नेम बाहेर अनेक ठिकाणी ठेच खाऊन शिकावा लागला आहे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एड्सग्रस्तांसाठी मोठमोठ्या सायकलफेऱ्या निघाल्या आणि जमलेल्या निधीतील केवढा तरी भाग आयोजनातच जिरतो, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. उलट मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘पॅन-मास चॅलेंज’ ही फेरी १९८० साली अवघ्या छत्तीस स्वारांनी सुरू केली आणि ती आजही बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी निधी उभारते. स्वारांनी जमवलेला पैसा पूर्णपणे संस्थेला पोहोचवायचा, ही शिस्त तिने लावून घेतली.

आपल्याकडे सायकलवरून माणसांपर्यंत जाण्याची वाट याच विदर्भातल्या एका माणसाने दाखवली. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा काढली. सोबत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते आणि अंतर पाच हजार किलोमीटरच्या पुढे. मणक्यांच्या विकारामुळे बाबांना बसणेही अवघड असे, म्हणून ते वाहनात आडवे पडून या मुलांबरोबर निघाले, वय एकाहत्तर. पुढे १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्याकडे निघाली. ती निधीसाठी नव्हती, माणसे जोडण्यासाठी होती, तरी तिची युक्ती तीच: गावात मोटारीतून उतरलेल्या पाहुण्याशी गाव जपून बोलते, सायकलवरून घामेजून आलेल्याला आधी पाणी विचारते. अलीकडचे उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे. २०१५ साली त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांच्या संघाचे नाव ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ असे होते. आदिवासींच्या दृष्टिरक्षणाचा हेतू त्यांनी त्या नावातच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. परतवाडा सोडले की रस्ता सातपुड्यात शिरतो, आणि घटांगपर्यंत चढ काही संपत नाही. सागाची पाने गळू लागलेली, दरीतून वर येणारे धुके, वळणावळणावर वानरांच्या टोळ्या. थंडीमुळे तहान जाणवत नव्हती. जाकिटाच्या आत मात्र मी घामाने चिंब होते. त्यात वजन उतरवण्याची ही नामी संधी आहे, असा शहाणपणा करून सकाळी चहा आणि दोन बिस्किटे एवढ्यावरच निघाले होते. दोन तास बरे गेले. मग डोके दुखू लागले, हात थरथरले, पुढे चाललेल्या लेकीवर कारण नसताना खेकसले आणि एका वळणावर सायकल टेकवून रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. नवल म्हणजे समोर राजगिऱ्याचा लाडू आला, तेव्हा तो खाण्याची मुळीच इच्छा होईना.

गटातील डॉक्टरांनी घोटाघोटाने क्षारसंजीवनी पाजली आणि थोड्या वेळाने केळे भरवले. त्यांनी जे सांगितले ते साधे होते. शरीर पिष्टमय पदार्थांपासून मिळालेली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवते, पण हा साठा जोरकस श्रमात दीड-दोन तासच पुरतो. म्हणून लांबच्या प्रवासात भूक लागण्याआधी खायचे: तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, म्हणजे साधारण दोन केळी, किंवा खजुराच्या पाच-सात बिया काढलेल्या फोडी आणि एखादा लाडू. पाण्याचेही तसेच. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यायचे, आणि दोन तासांहून अधिक घाम गेला असेल तर त्यात मीठ-साखर हवी. नुसते साधे पाणी लिटरांनी ढोसत राहणेही धोक्याचे. रक्तातील सोडियम पातळ होऊन भ्रम, उलट्या, प्रसंगी झटके येऊ शकतात. वजन कमी करायचे असेल तर ते वर्षभर, घरच्या ताटावर बसून. घाटात उपास करायचा नसतो.

अर्ध्या तासाने मी उभी राहिले. उरलेला चढ मात्र जीपमधून गेले, आणि त्या तेवढ्या किलोमीटरचे पैसे स्वतः भरले. चुलत दिरांना हे अजून सांगितलेले नाही.

सेमाडोहला सिपना नदीकाठी मुक्काम होता. रात्री जंगलात सायकल चालवायची नाही, हा नियम कोणी सांगण्याची गरज नव्हती; हे व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे, आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटची गणना होते. तिसऱ्या दिवशी हरिसालवरून धारणीकडे निघालो. रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. उतारावर एकच ब्रेक दाबून ठेवू नये, दोन्ही आलटून पालटून दाबावेत, आणि वळण येण्यापूर्वी वेग आवरावा, वळणात शिरल्यावर नव्हे. अधूनमधून कोरकू वस्त्या लागतात. घरांच्या भिंती सारवून चित्रे काढलेल्या, अंगणे लख्ख झाडलेली. आमच्याकडे पाहून मुले धावत येत आणि कोरकूत काहीतरी विचारत. ती भाषा मराठीच्या नात्यातली नाही. मुंडा कुळातली असल्यामुळे तिचे सगेसोयरे दूर झारखंडाकडे आहेत. आम्हांला हसण्यापलीकडे उत्तर देता येत नसे.

याच रस्त्यावर सायकलचा वेग मला उपयोगी पडला. एसटीच्या खिडकीतून दोन गावांमधले अंतर म्हणजे डुलकी. सायकलवर ते मांडीत उतरते. धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दशकानुदशके रुग्णसेवा केली. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आरंभीच्या काळात बैरागडला पोहोचायचे तर चाळीस किलोमीटर चालावे लागे, ही गोष्ट मी अनेक भाषणांत ऐकली होती आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. हरिसालच्या पुढच्या एका चढावर गिअर संपले तेव्हा मी खाली उतरून सायकल ढकलू लागले आणि चाळीस किलोमीटर म्हणजे काय, याचा पहिल्यांदा अंदाज आला. आपण मोकळ्या हातांनी, भरल्या पोटी चालतो आहोत. कडेवर तापाने फणफणलेले मूल घेतलेल्या किंवा दिवस भरत आलेल्या बाईला हेच अंतर किती होत असेल? मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी १९९३ साली उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हापासून कुपोषण हा शब्द या नावाला चिकटला आहे. रोगाच्या कारणांत निमोनिया, जुलाब, कमी वजनाचे जन्म अशी नावे लिहिली जातात. अंतर हे कारण नोंदीत कुठे लिहायचे, याला रकाना नाही.

धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेचे महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. या दांपत्याच्या कामाचा एक महत्त्वाचा धागा म्हणजे गावातल्याच बाईला शिकवून बाळाच्या दाराशी उपचार नेणे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेची हीच वाट सिद्ध केली, आणि त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. रुग्णाला दवाखान्यापर्यंतचे अंतर काटता येत नसेल, तर दवाखान्याने ते काटावे.

चौथ्या दिवशी आम्ही धारणीपासून आत असलेल्या एका गावाच्या अंगणवाडीत गेलो. गावाचे नाव सांगत नाही. तिथे आशाताई दंडघेर मोजत होत्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डाव्या दंडाभोवती ही कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळतात. घेर साडेबारा सेंटिमीटरहून अधिक असेल तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, आणि अशा मुलाला साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेतू शकतो. मोजणी संपल्यावर माझ्या लेकीने पट्टी मागून घेतली, बाहेर जाऊन सायकलच्या हँडलच्या रबरी मुठीभोवती गुंडाळली आणि मला हाक मारली. मुठीचा घेर साडेदहा सेंटिमीटर भरला. तीन दिवस मी ती मूठ धरून घाट चढले होते. त्या सकाळी ज्या एका मुलीची पट्टी लाल रंगावर थांबली, तिचा दंड माझ्या हँडलच्या मुठीहून बोटाच्या पेराएवढाही जाड नव्हता.

ती मुलगी पावणेदोन वर्षांची होती. अंगणवाडीतील भाताचा घास तिने तोंडात धरला आणि गिळला नाही. आई ओशाळून म्हणाली, ‘‘खातच नाही ती.’’ मला घाटातला लाडू आठवला. पण माझी भूक अर्ध्या तासात परतली होती. तीव्र कुपोषणात मुलाची भूक मरते, म्हणूनच अशा मुलाला उपचार कुठे द्यायचे हे ठरवण्यापूर्वी त्याच्या भुकेची चाचणी घेतात. ज्याला भूक नाही किंवा अंगावर सूज आहे, ते मूल घरी नव्हे, पोषण पुनर्वसन केंद्रातच हवे. लहान मुलाचे पोट इवलेसे असते आणि किलो वजनामागे त्याची उष्मांकांची गरज आपल्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे दिवसातून दोनदा भाकर-वरण हे मोठ्यांचे वेळापत्रक त्याला पुरत नाही. थोडे थोडे, तेल-तूप घालून, पाच-सहा वेळा भरवावे लागते. आई पहाटे मजुरीला गेली की ते कोण भरवणार? गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. पण होळी-दिवाळीनंतर कुटुंब कामासाठी बाहेर पडले की योजना गावात राहते आणि मूल वीटभट्टीवर.

आम्ही जमलेल्या निधीतून सुका मेवा, बिस्किटे, स्वेटर द्यायचे योजले होते. आशाताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मॅडम, पैसे पाठवून द्यायचे होते, एवढ्या लांब सायकलनं कशाला आल्या?’’ हाच प्रश्न मी घरी लेकीला विचारला होता, आणि आता उत्तर देण्याची पाळी माझी होती. मी म्हटले, ‘‘पाठवले असते तर स्वेटर पाठवले असते.’’ त्या हसल्या. मग त्यांनी जे हवे ते सांगितले. केंद्रात मूल दाखल केले की आईला दोन आठवडे तिथे राहावे लागते. तिच्या बुडालेल्या मजुरीची काही भरपाई मिळते, पण घरी मागे राहिलेल्या दोन-तीन लेकरांचे काय? त्यांच्यासाठी आई चौथ्या-पाचव्या दिवशी मूल उचलून घरी परतते. त्या मुलांच्या जेवणाची आणि आजीला केंद्रापर्यंत आणण्या-नेण्याच्या भाड्याची सोय झाली, तर आई थांबेल.

स्वेटरांचा बेत तिथल्या तिथे रद्द झाला. निधी कोणत्या घरासाठी, किती दिवस आणि कोणाच्या सहीने खर्च व्हावा, हे ठरवण्यात दुपार गेली. आमच्यातील बँकेत नोकरी करणारे सदस्य त्या दिवशी सर्वांत उपयोगी ठरले. लाल पट्टीवरच्या मुलीची आई आधी नाही म्हणाली, मग शेजारणीशी कोरकूत बराच वेळ बोलली आणि मोठ्या दोघांना शेजारणीकडे सोपवून आमच्याच जीपने धारणीच्या केंद्रात गेली. जीपमध्ये आमच्या बॅगांना जागा उरली नाही. त्या आम्ही पाठीवर घेतल्या.

निघताना आशाताईंनी माझी सायकल चालवून पाहण्याची इच्छा दाखवली. त्यांचे पाडे चार, मधले अंतर त्या पायी तुडवतात. लेकीने किल्लीने सीट चार बोटे खाली केली. पदर कमरेला खोचून त्यांनी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, मुले आरडाओरडा करत मागे धावली. सायकल मला परत देताना त्या म्हणाल्या, ‘‘ब्रेक चांगले आहेत, गिअरही समजले. पण हिला कॅरिअर नाही. वजनकाटा कुठे बांधायचा?’’